घोडा, गाडी आणि मौन : दुसऱ्याच्या हातची स्पोर्ट्स कार घेतल्यानंतर

या मालेत आपण रोजच्या व्यवहारातले नीतीचे प्रश्न घेतो आहोत. मागच्या वेळी वचन आणि वचनभंग झाला. आजचा विषय आहे मौन. बोलायला हवं तिथं गप्प बसणं म्हणजे फसवणूक का? हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आम्ही एक उदाहरण निवडलं आहे. तुम्हाला ते जरा चमत्कारिक वाटेल. उदाहरण आहे सेकंड हँड स्पोर्ट्स कारचं. (हशा) हसा, हरकत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला स्पोर्ट्स कारमधलं काय कळतं, असं वाटणं साहजिक आहे. पण पुढच्या तासाभरात दिसेल की या एका गाडीत याज्ञवल्क्य, सिसेरो आणि भारतीय करार कायदा असे तिघेही आरामात बसतात. गाडी दोनच सीटची असली तरी.

आमचा एक जुना विद्यार्थी सांगलीला असतो. व्यवसाय बरा चालतो. लहानपणापासून त्याला दोन दारांच्या, जमिनीला टेकलेल्या गाड्यांचं वेड. नवी घेणं आवाक्याबाहेर, म्हणून त्यानं आठ वर्षं वापरलेली एक परदेशी बनावटीची गाडी साताऱ्यातल्या एका गृहस्थांकडून घेतली. मध्ये डीलर नाही, एजंट नाही. नंबर एमएच-11, म्हणजे साताऱ्याचा. हा मुद्दा त्याच्या दृष्टीनं मोठा होता. सांगलीतली गाडी म्हटलं की पहिला प्रश्न पुराचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. गावभागात, मारुती चौकात किती गाड्या पाण्यात गेल्या, हे सांगलीकरांना सांगायला नको. सातारा उंचावर, तिथं हा प्रश्न नाही. त्यानं मनाशी हिशेब केला : सातारची गाडी, म्हणजे कोरडी गाडी.

तीन आठवड्यांनी यवतेश्वरच्या घाटात गाडीनं दम टाकला. डॅशबोर्डवर दिवे लागले, गिअर बदलेनात. वर्कशॉपवाल्यानं सीट काढली, गालिचा उचलला, तर खाली वाळलेल्या गाळाचा थर आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज. मग कागद नीट पाहिले. गाडीचे आधीचे तीन मालक. पहिला साताऱ्याचा. दुसरा सांगलीचा, आणि पुराच्या वर्षी गाडी त्याच्याकडे होती. तिसरे हे साताऱ्याचे गृहस्थ. नंबर साताऱ्याचा, पण अंघोळ कृष्णेची, तीही सांगलीत. दुरुस्तीचा अंदाज लाखांत गेला.

तो आमच्याकडे आला तेव्हा त्यानं दोन प्रश्न विचारले. पहिला : "सर, तो माणूस माझ्याशी एक शब्दही खोटं बोलला नाही. मग मी फसलो की नाही?" दुसरा प्रश्न जरा थांबून विचारला : "आता मीही आहे तशी गाडी विकून टाकली तर चालेल का?"

हे दोन्ही प्रश्न आज आपल्याला सोडवायचे आहेत. आणि ध्यानात घ्या, पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचंही चुकतं.

आधी आपल्या जुन्या धर्मशास्त्राकडे जाऊ. ते इथलंच म्हणायला हवं. कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली धर्मकोशाचं काम सातारा जिल्ह्यातच, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत उभं राहिलं, आणि त्यातलं व्यवहारकांड म्हणजे न्यायव्यवहाराचा खजिना आहे. स्मृतिकारांनी भांडणांची जी अठरा पदं मानली त्यांतलं एक 'क्रयविक्रयानुशय', म्हणजे खरेदी-विक्रीनंतरचा पश्चात्ताप. घेतलं खरं, पण आता नको वाटतंय. याज्ञवल्क्य स्मृतीत प्रत्येक मालाच्या परीक्षेसाठी मुदत दिली आहे. बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात. आणि 'वाह्य', म्हणजे ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच दिवस. त्याच यादीत दास-दासीही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. तो काळ तसा होता. पण मुदतींमागचं तत्त्व बघा. दोष उघड व्हायला वस्तूनुसार वेगवेगळा वेळ लागतो. लोखंड एका दिवसात कळतं. बैल गाडीला जुंपून चार दिवस चालवल्याशिवाय कळत नाही. बी पेरून उगवायला हवं. नारद त्याच्या जोडीला सांगतो की घेणाऱ्यानं आधी स्वतः पारखून घ्यावं. एकदा पारखून पसंत केलेला माल परत करता येत नाही.

म्हणजे विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघांवरही जबाबदारी टाकलेली आहे. आता गाळ साठलेल्या वायरिंगला कोणती मुदत लावाल? पाणी सुकतं, गाडी सुरू होते, छान पळते. गंज हळूहळू चढतो. महिने जातात, कधी वर्षं. बऱ्याच महागड्या गाड्यांत वायरिंगचे जोड आणि काही कंट्रोल युनिट सीटखाली किंवा गालिच्याखाली असतात. आणि स्पोर्ट्स कार बुटकी, त्यामुळे तिच्यात पाणी लवकर शिरतं. हा दोष पाच दिवसांत दिसणारा नाही. तेव्हा केवळ परीक्षेवर भागत नाही. ज्याला माहीत आहे त्यानं बोलायला हवं का, हा प्रश्न येतोच.

तोच प्रश्न रोममध्ये सिसेरोनं घेतला. इसवी सनापूर्वी 44 मध्ये त्यानं कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येताहेत, हे त्याला माहीत आहे. ते सांगावं की गप्प राहून चढ्या भावानं विकावं? दुसरं उदाहरण घराचं : घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड सडलेलं आहे, आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. सिसेरो दोन स्टोइक विचारवंतांना समोरासमोर उभे करतो. डायोजेनीस म्हणतो, कायदा जेवढं सांगायला लावतो तेवढं सांगावं, बाकी खोटं बोलू नये, म्हणजे झालं. न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं.

सिसेरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूनं निकाल देतो, पण कारण नेमकं देतो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणूक असं तो म्हणत नाही. ज्यांना ते कळण्यात हित आहे त्यांच्यापासून, केवळ आपल्या फायद्यासाठी ते दडवणं, ही लपवणूक. तुमच्या शेजाऱ्याला साखरेचा आजार आहे हे तुम्ही गाडी विकताना सांगितलं नाहीत, तर काही बिघडलं नाही. गाडी पुरात होती हे सांगितलं नाहीत, तर बिघडलं. कारण त्या न सांगण्यावरच किंमत उभी आहे.

सिसेरोची आणखी एक गोष्ट गाडी घेणाऱ्यांनी जरूर ऐकावी. सिराक्यूजचा पिथियस नावाचा सावकार. त्याला समुद्राकाठची बाग एका रोमन गृहस्थाच्या गळ्यात मारायची होती. त्यानं आदल्या दिवशी कोळ्यांना बोलावून सांगितलं, उद्या सगळ्यांनी माझ्या बागेसमोर मासे पकडा. पाहुणा आला, बघतो तर समोर होड्यांची गर्दी, पायाशी मासळीचा ढीग. त्यानं मागेल ती किंमत दिली. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. पिथियस खोटं बोलला असेल-नसेल, त्यानं देखावा उभा केला. आता तुम्ही गाडी बघायला जाता आणि इंजिन आधीच गरम असतं, कारण थंड इंजिन सुरू होताना जो आवाज करतं तो तुम्ही ऐकू नये. बॉनेटखाली सगळं नुकतंच धुतलेलं असतं. डॅशबोर्डवरचे इशारे आदल्या दिवशी संगणक लावून पुसलेले असतात. किलोमीटर मागे फिरवलेले असतात. हे सगळे पिथियसचे कोळी.

आता कायदा. हा सल्ला म्हणून घेऊ नका, त्यासाठी वकील आहेत. आपण फक्त त्यातला विचार बघू.

मालविक्री कायदा 1930 चा. त्याचं कलम 16 सांगतं की मालाच्या दर्जाबद्दल सर्वसाधारणपणे कोणतीही गर्भित हमी नसते. अपवाद आहेत, पण त्यांतले मुख्य अपवाद त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यासाठी आहेत. आपली एक गाडी विकणारा गृहस्थ धंदा करत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चाही रोख व्यापारी, उत्पादक आणि सेवा देणारे यांच्यावर आहे. त्यामुळे खासगी विक्रेत्याविरुद्ध ग्राहक आयोगाचं दार सहसा उघडत नाही; दिवाणी न्यायालयात जावं लागतं. जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी 1 एप्रिल 2023 पासून परिवहन खात्याच्या अधिकारपत्राचे नियम आले. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहाराला त्यांचा उपयोग नाही. डीलर टाळून दोन-चार लाख वाचवणारा माणूस त्याबरोबर कायद्याचं एक छप्परही सोडून देत असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही.

इंग्लंडमधले दोन खटले हा फरक छान दाखवतात. 1957 मध्ये एका खासगी माणसानं आपली मॉरिस गाडी डीलरला दिली, 1948 ची म्हणून. नोंदणीपुस्तकात तसंच होतं. गाडी निघाली 1939 ची. न्यायालय म्हणालं, या माणसानं कागदात होतं ते प्रामाणिकपणे सांगितलं, त्यानं हमी दिली नव्हती. आणि घेणारा तर गाड्यांचाच व्यापारी. 1965 मध्ये उलट. डीलरनं बेंटली गाडी विकली, इंजिन बदलल्यापासून वीस हजार मैल चालली म्हणून. निघाली सुमारे एक लाख मैल चाललेली. इथं ती हमी ठरली, कारण डीलरला खरं शोधून काढणं शक्य होतं. दोन्ही वेळा न्यायपीठावर लॉर्ड डेनिंग होते. एकाच न्यायाधीशानं दोन वेगळे निकाल दिले, आणि दोन्ही पटतात. कोण जाणतो आणि कोणाला जाणता आलं असतं, यावर ते ठरले.

मग आपल्या सांगलीच्या मुलाला काहीच आधार नाही का? आहे. भारतीय करार कायदा 1872, कलम 17. माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे दडवणं, याला तिथं सरळ कपट म्हटलं आहे. आणि नुसतं मौन? कायदा म्हणतो, नुसतं मौन कपट नव्हे. मात्र परिस्थितीमुळे बोलणं कर्तव्य ठरत असेल, किंवा मौन हेच बोलण्यासारखं असेल, तर ते कपट. यासाठी दिलेली उदाहरणं घोड्याची आहेत. अ लिलावात ब ला घोडा विकतो, घोडा सदोष आहे हे अ जाणतो आणि काही बोलत नाही. हे कपट नाही. पण ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं हे अ चं कर्तव्य होतं. आणि तिसरं उदाहरण सर्वांत मोलाचं. ब म्हणतो, "तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असं मी धरतो." अ गप्प राहतो. आता त्याचं गप्प राहणं म्हणजेच बोलणं.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणाचा उपयोग आज व्हॉट्सॲपवर होतो. पैसे देण्याआधी एक निरोप लिहा : "गाडी कधी पुरात किंवा पाण्यात गेलेली नाही, मोठा अपघात झालेला नाही, एअरबॅग उघडलेल्या नाहीत, किलोमीटर खरे आहेत, असं धरून मी हा व्यवहार करतो आहे. यातलं काही वेगळं असेल तर आज कळवावं." बस. उत्तर आलं तर तो पुरावा. नाही आलं तरी त्या मौनाला आता आवाज आहे. सांगलीच्या मुलानं पेंटबद्दल विचारलं, इंजिनबद्दल विचारलं, टायरबद्दल विचारलं. पाण्याबद्दल विचारलं नाही, कारण नंबर साताऱ्याचा होता.

कलम 19 मध्ये एक काटाही आहे. केवळ मौनानं फसलेल्याला साधी खबरदारी घेऊन खरं शोधता आलं असतं, तर करार रद्द करायला तो मागू शकत नाही. म्हणून न्यायालय विचारणार : तुम्ही काय तपासलंत? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितलात का? पुराच्या गाडीत आतल्या टोकाला पाण्याची रेघ राहते. गालिच्याखाली हात घातलात? दिव्यांच्या आत ओल दिसते का पाहिलंत? टायरवर चार आकडी खूण असते, आठवडा आणि वर्ष. सर्व्हिस बुक, विम्याच्या दाव्यांचा इतिहास, हे मागितलंत? काही हजार रुपये देऊन स्वतंत्र तपासणी करून घेतलीत? सक्रिय दडवणूक सिद्ध झाली तर हा काटा बोथट होतो. म्हणजे त्या गृहस्थांनी गाळ बघून त्यावर नवा गालिचा घातला असेल तर एक गोष्ट. पुराचं त्यांना स्वतःलाच ठाऊक नसेल तर अगदी वेगळी.

कागदांचा प्रश्न थोडक्यात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला हस्तांतर कळवायचं असतं. हे विकणाऱ्याच्या जास्त हिताचं आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक. गाडी मध्ये किती हातांतून गेली याला महत्त्व नाही. घेणाऱ्यानं विमा आपल्या नावावर करून घ्यावा. तिसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा तसा आपोआप येत नाही. बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र आणि फॉर्म 35 पाहावा. चेसिस नंबर स्वतः खाली वाकून वाचावा. 2020 च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी डीसी अवंती या देशी स्पोर्ट्स कारच्या प्रकरणात गुन्हा नोंदवला. एकाच इंजिन-चेसिस क्रमांकाच्या गाड्या वेगवेगळ्या राज्यांत नोंदवल्याचा आरोप होता. आरोप तो आरोप, पण कागद आणि पत्रा ताडून पाहायला हवा, एवढं त्यातून घ्यावं. परदेशातून आणलेल्या गाडीची कस्टम ड्यूटी भरल्याचे कागदही मागावेत. केरळमध्ये आयात झालेल्या एका पोर्शेच्या नंतरच्या खरेदीदाराकडून ती ड्यूटी मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं अलीकडे म्हटलं आहे, कारण तो आयातदार नव्हे. पण हे ऐकायला त्याला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

आता दुसरा प्रश्न. "मीही आहे तशी विकून टाकू का?" अर्थशास्त्रात याचं एक सुंदर उत्तर आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. 2001 मध्ये त्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं. चांगली कोणती आणि वाईट कोणती हे विकणाऱ्यालाच कळतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी किंमत देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावात मी कशाला विकू? तो बाजारातून उठतो. सरासरी खाली येते, भाव आणखी पडतो, आणखी चांगल्या गाड्या निघून जातात. शेवटी उरतात त्या घाण गाड्या. एका माणसाच्या मौनाची किंमत एकच गिऱ्हाईक देत नाही, सगळा बाजार देतो. पुराच्या एका गाडीमुळे सांगलीत प्रामाणिकपणे विकायला निघालेल्या कोरड्या गाडीचाही भाव उतरतो.

शिवाय आमच्या विद्यार्थ्याची जागा आता बदलली आहे. साताऱ्याच्या गृहस्थांना कदाचित ठाऊक नव्हतं. याला ठाऊक आहे. त्यानं गाळ स्वतः डोळ्यांनी पाहिला. अज्ञान ज्याला वाचवू शकतं असा या साखळीतला तो आता नव्हे. तेव्हा "माझ्याशी झालं तेच मी करतोय" हा युक्तिवाद टिकत नाही. त्याच्याशी कदाचित चूक झाली. तो करेल ते कपट असेल. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. खोटा शब्द नसतानाही माणूस फसू शकतो. पण फसवणूक ठरायला समोरच्याचं जाणणं हवं.

वेळ झाली. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, विकणाऱ्यानं "आहे त्या स्थितीत" असं लिहून घेतलं तर तो सुटतो का?

दर्जाबद्दलच्या तक्रारीतून बराच सुटतो, कपटातून नाही. "आहे त्या स्थितीत" याचा अर्थ स्थिती दोघांसमोर आहे. जी दडवली ती समोर नव्हतीच. आणि वर्णनाचं कलम, म्हणजे 15, हे खासगी विक्रेत्यालाही लागू आहे. 2017 चं मॉडेल म्हणून विकली आणि 2015 ची निघाली, तर तो प्रश्न नुसत्या दर्जाचा राहत नाही. मिळालेला माल सांगितल्याप्रमाणे नाही, असा तो होतो.

प्रश्न : त्या विद्यार्थ्याचं पुढे काय झालं?

वकिलाची नोटीस गेली. मग दोघे कराडमध्ये भेटले, सातारा आणि सांगलीच्या मधलं गाव म्हणून. त्या गृहस्थांनी पूर ठाऊक नव्हता असं सांगितलं, आणि याला ते खरं वाटलं. त्यांनी दुरुस्तीचा काही भाग उचलला. कायद्यानं तेवढा तरी मिळाला असता का, सांगता येत नाही. गाडी त्यानं ठेवली आहे. वर्कशॉपचा अहवाल, गाळाच्या फोटोंसकट, आरसीच्या फाइलमध्ये लावला आहे. उद्या ती विकेल तेव्हा कमी किमतीत जाईल, हे तो जाणतो. आम्ही त्याला विचारलं, हे जड नाही जात? तो म्हणाला, "जातं की सर. पण पुढच्यानं विचारायच्या आधी सांगायचं ठरवलंय, म्हणजे मोह नको."

पुढच्या वेळी आपण भेट आणि लाच यांतला फरक घेणार आहोत.